टेक्सासच्या ग्रामीण काउंटीत घटस्फोटाची आणि कस्टडीची कागदपत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टन किंवा डॅलसमध्ये राहणाऱ्यांना बरीच माहिती सहज मिळते. अडचण होते ती अल्पाइन, व्हॅन हॉर्न, मार्फा अशा छोट्या गावांत संसार केलेल्यांची. कोणी हॉस्पिटलातल्या नोकरीसाठी तिकडे गेलेलं असतं, कोणी मोटेल चालवायला, कोणी तेलाच्या कंपनीत. दहा वर्षांनी पासपोर्टसाठी, व्हिसासाठी किंवा पुन्हा लग्न करताना डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा कोर्टाचा अंतिम आदेश, लागते आणि कुठल्या दारात उभं राहायचं तेच कळत नाही. अशांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही माहिती वकिलाच्या सल्ल्याची जागा घेत नाही. मुलांचा ताबा, घर किंवा मारहाण यातलं काहीही प्रकरणात असेल तर वकील गाठाच.

१. आमच्या काउंटीत फॅमिली कोर्टच सापडत नाही. ते असतं कुठे?

स्वतंत्र फॅमिली कोर्टं मोठ्या शहरांच्या काउंट्यांमध्ये असतात. ग्रामीण भागात घटस्फोट, ताबा, पोटगी, दत्तक हे सगळं साध्या डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतं. त्याच कोर्टात खुनाचे आणि जमिनीचेही खटले चालतात. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ इतक्या विरळ वस्तीच्या आहेत की अनेक काउंट्यांना मिळून एकच न्यायाधीश असतो. पश्चिमेकडचं ३९४वं डिस्ट्रिक्ट कोर्ट ब्रूस्टर, कल्बरसन, हडस्पेथ, जेफ डेव्हिस आणि प्रेसिडिओ या पाच काउंट्यांसाठी आहे. न्यायाधीश फिरतात, फाइल फिरत नाही. ज्या काउंटीत अर्ज दाखल झाला, तिथल्याच कोर्टहाउसात ती राहते. न्यायाधीशांचं कार्यालय अल्पाइनला आहे म्हणून मार्फातली केस अल्पाइनला शोधायला गेलात, तर हात हलवत परत याल.

२. कागद डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे मागायचे की काउंटी क्लार्ककडे?

घटस्फोटाची डिक्री, ताब्याचा आदेश, पोटगीचा आदेश, म्हणजे कोर्टाने दिलेलं सगळं डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतं. लग्नाचं लायसन्स, जन्म-मृत्यूच्या नोंदी, घराचं खरेदीखत काउंटी क्लार्ककडे. लायसन्स न काढता नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्याने जाहीरनामा नोंदवला असेल, तर तोही काउंटी क्लार्ककडेच. हा फरक पक्का लक्षात ठेवा. निम्मे खेटे चुकीच्या खिडकीमुळेच पडतात.

ग्रामीण भागातली एक सोय अशी, की ८,००० पेक्षा कमी लोकसंख्येच्या काउंटीत दोन्ही कामं एकच क्लार्क करू शकतो, तशी तरतूद राज्याच्या संविधानातच आहे. जेफ डेव्हिस काउंटीत असंच आहे. तिथे एकाच टेबलावर दोन्ही कागद मिळतात. तरी अर्ज करताना कोर्टाची डिक्री हवी की लग्नाची नोंद, हे स्पष्ट लिहा.

३. केस कुठल्या काउंटीत झाली हेच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

घटस्फोटाचा अर्ज दोघांपैकी कोणीही आपल्या राहत्या काउंटीत टाकू शकतं. म्हणून त्या वेळचे दोघांचेही पत्ते आधी आठवा. लग्न कुठे झालं याचा इथे संबंध नाही. लग्न पुण्यात झालेलं असलं तरी केस हडस्पेथ काउंटीत असू शकते.

तरीही पत्ता लागला नाही तर ऑस्टिनमधलं राज्याचं आरोग्य खातं मदत करतं. त्याच्या व्हायटल स्टॅटिस्टिक्स विभागाकडे १९६८ पासूनच्या घटस्फोटांची आणि १९६६ पासूनच्या लग्नांची सूची आहे. शुल्क भरलं की ते पडताळणीचं पत्र देतात. त्यात नावं, तारीख आणि काउंटी कळते. मात्र ते पत्र म्हणजे डिक्री नव्हे, आणि डिक्रीची प्रत हा विभाग देतही नाही. पत्रावरून काउंटी समजली की तिथल्या क्लार्ककडे जायचं. १९६८ च्या आधीच्या केससाठी प्रश्न ९ पाहा.

४. क्लार्कला फोन करण्याआधी काय काय हाताशी ठेवू?

दोघांची पूर्ण नावं, अंदाजे वर्ष, आणि असेल तर कॉज नंबर. टेक्सासमध्ये केस नंबरला कॉज नंबर म्हणतात आणि तो डिक्रीच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर छापलेला असतो. नंबर नसेल तर क्लार्क शोधून देतात, पण त्याचे साधारण ५ डॉलर वेगळे पडतात.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावापाशी. मधलं नाव म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावायची आपली पद्धत तिकडच्या सूचीत बसत नाही. कधी मधलं नावच आडनाव म्हणून चढवलेलं असतं. लग्नानंतर बाईचं नाव पासपोर्टवर एक, लायसन्सवर दुसरं आणि अर्जात तिसरं, असंही दिसतं. ‘वाघ’ हे आडनाव एका कागदावर ‘डब्ल्यू’ने आणि दुसऱ्यावर ‘व्ही’ने लिहिलेलं असतं, आणि सूची अक्षरावर चालते. तेव्हा फोनवर बोलताना माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावं सगळ्या संभाव्य स्पेलिंगांसह सांगा. नवऱ्याच्या नावाने सापडलं नाही तर बायकोच्या नावाने पुन्हा बघायची विनंती करा.

वेळेकडेही लक्ष द्या. छोट्या कार्यालयांत दोन-तीनच माणसं असतात आणि दुपारी जेवणाच्या वेळेत खिडकी बंद असू शकते. शिवाय एल पासो आणि हडस्पेथ या दोन काउंट्यांत घड्याळ बाकी टेक्सासच्या एक तास मागे असतं.

५. घरबसल्या ऑनलाइन मिळणार नाही का?

काही प्रमाणात मिळतं. ‘रीसर्च-टीएक्स’ हे राज्यभरातल्या कोर्टांच्या कागदांचं पोर्टल आहे. ई-फायलिंग सक्तीचं झाल्यापासूनच्या केसेस तिथे सापडण्याची शक्यता जास्त. ही सक्ती २०१४ मध्ये मोठ्या काउंट्यांपासून सुरू झाली आणि २०१६ च्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने लहान काउंट्यांपर्यंत पोचली. पण कौटुंबिक केसमध्ये कागद कोणाला उघडता येतील यावर बंधनं असतात. केसचं नाव दिसतं आणि आतलं पान उघडत नाही, असा अनुभव आला तर तो तुमच्या कॉम्प्युटरचा दोष समजू नका.

त्याआधीच्या फाइल्स बऱ्याच ठिकाणी कागदावर किंवा मायक्रोफिल्मवरच आहेत. तिथे फोन आणि पत्र हाच खरा मार्ग. पत्रासोबत आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवा. शुल्क मनीऑर्डरने घेतात की कार्डाने, हे आधी विचारा. ‘नावावरून रेकॉर्ड शोधून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्या खाजगी वेबसाइटींपासून लांब राहा. क्लार्ककडे एका पानाला डॉलर पडतो, त्या कागदासाठी त्या भरमसाट पैसे घेतात आणि देतात ती सर्टिफाइड प्रत नसते.

६. सर्टिफाइड कॉपीच हवी का? साधी झेरॉक्स चालत नाही?

केसमध्ये काय झालं हे फक्त वाचायचं असेल तर साधी प्रत पुरते. पासपोर्ट, इमिग्रेशन, बँक, पुन्हा लग्न, भारतातलं कोणतंही काम असेल तर क्लार्कची सही-शिक्क्याची सर्टिफाइड प्रतच लागते. शुल्क साधारण पानाला १ डॉलर. मुलं आणि मालमत्ता असलेली डिक्री सहज ४०-५० पानांची होते. तरी सगळी पानं घ्या. फक्त पहिलं आणि सहीचं पान घेऊन पैसे वाचवलेल्यांना पुढे पुन्हा अर्ज करावा लागतो. दोन प्रती एकदम घ्या, एक घरात जपून ठेवा, आणि शिक्क्याची पानं स्टेपल काढून वेगळी करू नका.

७. आमचा घटस्फोट कोणीही वाचू शकतं का?

सर्वसाधारणपणे हो. टेक्सासमध्ये कोर्टाची फाइल लोकांसाठी खुली असते. क्लार्क तुम्हाला ‘कशासाठी हवं’ असं विचारत नाहीत, तसंच शेजाऱ्यालाही विचारणार नाहीत. ‘पब्लिक इन्फर्मेशन’च्या कायद्याखाली अर्ज करण्याची गरज नाही. तो कायदा न्यायसंस्थेला लागूच होत नाही, थेट क्लार्ककडेच मागायचं.

दाखल करणाऱ्याने मात्र काही तपशील झाकायचे असतात. दिवाणी प्रक्रियेच्या नियम २१सी प्रमाणे सोशल सिक्युरिटी नंबर, ड्रायव्हिंग लायसन्स आणि पासपोर्टचा नंबर, बँक खातं, जन्मतारीख, घरचा पत्ता आणि अल्पवयीन मुलाचं नाव उघडं लिहायचं नाही. अपवाद कायद्यानेच मागितलेल्या माहितीचा. मुलांविषयीच्या अंतिम आदेशात फॅमिली कोडप्रमाणे, म्हणजे टेक्सासच्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे, पक्षकारांची बरीच माहिती द्यावी लागते. म्हणून डिक्रीची प्रत कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याआधी एकदा आतून चाळा.

दत्तकाची फाइल खुली नसते. ती पाहायची तर ज्या कोर्टाने दत्तक मंजूर केलं तिथेच सबळ कारण देऊन परवानगी मागावी लागते.

८. मग फाइल सील करून मिळेल का?

मागता येते, मिळेलच असं नाही. इतर दिवाणी खटल्यांतल्या सीलबंदीचा नियम ७६ए कौटुंबिक केसना लागू नाही, त्यामुळे निर्णय न्यायाधीशांच्या विवेकावर राहतो. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण पुरत नाही. जिवाला धोका असेल तर प्रश्न १६ पाहा.

९. खूप जुनी केस आहे, आणि ते कोर्टहाउस जळालं होतं म्हणतात. आशा सोडायची का?

नाही. जुन्या काळी डिस्ट्रिक्ट कोर्टाचं रोजचं कामकाज मोठ्या वह्यांत हाताने लिहीत, आणि वादी-प्रतिवादींच्या नावांच्या वेगळ्या सूच्या असत. फाइलमधले सुटे कागद गेले तरी वहीतली निकालाची नोंद उरलेली असते. क्लार्कला ‘फाइल आहे का’ एवढंच विचारू नका, ‘डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या मिनिट्समध्ये (म्हणजे त्या वह्यांत) नोंद आहे का’ असंही विचारा. अनेक काउंट्यांच्या जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्म राज्याच्या ग्रंथालय आणि अभिलेखागार आयोगाकडे आणि त्याच्या प्रादेशिक संग्रहांत आहेत.

इमारत जळाली म्हणजे कागद जळालेच असं गृहीत धरू नका. मेसन काउंटीचं कोर्टहाउस ४ फेब्रुवारी २०२१ रोजी आगीत गेलं, उभ्या राहिल्या त्या फक्त भिंती. पण दुरुस्तीचं काम निघणार म्हणून कार्यालयं आणि दप्तर त्याआधीच दुसरीकडे हलवलेलं होतं. त्याच मेसनमध्ये १८७७ साली कोर्टहाउस जळालं तेव्हा मात्र सुरुवातीच्या काळातलं दप्तर खाक झालं. तेव्हा आगीचं साल आणि आपल्या केसचं साल आधी ताडून बघा.

१०. इथे घटस्फोट मागायचा तर किती दिवस राहिलेलं असावं लागतं?

दोघांपैकी एकजण टेक्सासमध्ये किमान ६ महिने आणि अर्ज टाकायच्या काउंटीत किमान ९० दिवस राहिलेला हवा. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. नुकतेच ओडेसाहून अल्पाइनला आला असाल तर ९० दिवस थांबा, किंवा जोडीदार जुन्याच काउंटीत असेल तर तिथे दाखल करा. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही. एच-१बी (नोकरीचा) किंवा एच-४ (त्यांच्या जोडीदाराचा) व्हिसा असलेल्यांनाही अर्ज करता येतो. एच-४ वर असलेल्या बहिणींना ‘तुला इथे कोर्टात जाताच येत नाही’ असं सांगितलं जातं, ते साफ खोटं आहे.

११. वकील परवडत नाही. स्वतः दाखल केलं तर चालेल का?

चालतं. मुलं नाहीत, घर-जमीन नाही आणि दोघांचं एकमत आहे, अशा केससाठी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केलेले तयार नमुने आहेत. ‘टेक्सास लॉ हेल्प’च्या साइटवर इतर परिस्थितींचे नमुनेही मिळतात. वकिलांना ई-फायलिंग सक्तीचं आहे. स्वतः लढणाऱ्यांना ‘ई-फाइल टेक्सास’ वापरता येतं, किंवा कोर्टहाउसात जाऊन कागद हातोहात देता येतात. ऑनलाइन पाठवलंत तर ईमेल रोज बघा. ‘दुरुस्तीसाठी परत’ असा शेरा आला आणि तुम्ही तो पाहिलाच नाही, तर केस जागची हलत नाही.

डिस्ट्रिक्ट कोर्टातलं मूळ शुल्क १ जानेवारी २०२२ पासून ३५० डॉलर आहे. त्यात १३७ राज्याचे आणि २१३ स्थानिक. समन्स काढायचे आणि बजावायचे पैसे वेगळे. ऐपत नसेल तर नियम १४५ खालचं शपथपत्र भरा, शुल्क माफ होतं. स्वतःची कमाई नसलेल्या गृहिणींसाठी हा मार्ग मोलाचा आहे आणि तो वापरण्यात कमीपणा काही नाही.

सोबत व्हायटल स्टॅटिस्टिक्सचा व्हीएस-१६५ हा फॉर्मही भरावा लागतो. प्रश्न ३ मधली सूची त्यातूनच तयार होते, म्हणून त्यावर नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच लिहा. क्लार्क कुठला फॉर्म कुठे द्यायचा ते सांगतील, ‘मी काय मागू’ हे सांगणार नाहीत. कायद्याचा सल्ला द्यायला त्यांना मनाई आहे. त्यांच्यावर रागावू नका.

१२. नवरा किंवा बायको भारतात आहे. समन्स कसं बजावायचं?

समोरची व्यक्ती तयार असेल तर समन्स माफ करण्याचा कागद म्हणजे वेव्हर सही करून घ्या. तो अर्ज दाखल झाल्यानंतरच आणि नोटरीसमोरच सही झालेला हवा. आधीच घेऊन ठेवलेली सही चालत नाही. भारतात सही करायची तर अमेरिकन वकिलातीतल्या, उदाहरणार्थ मुंबईतल्या, नोटरी सेवेची वेळ घेणं सगळ्यात बिनघोर.

तयार नसेल तर परदेशात समन्स बजावण्याचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे हेग सर्व्हिस करार, लागू होतो. भारतात तो १ ऑगस्ट २००७ पासून अमलात आहे आणि परदेशातून थेट टपालाने बजावणीला भारताचा आक्षेप आहे. कागद दिल्लीत कायदा मंत्रालयाकडे पाठवावे लागतात आणि कित्येक महिने जातात. कुरिअरने पाठवून ‘बजावलं’ म्हणणारा सल्ला ऐकू नका. टेक्सासमध्ये एखाद्या वेळी निभावेल, पण भारतात तीच डिक्री लंगडी पडेल (प्रश्न १७).

टेक्सासमध्ये बजावणी झालेल्याने २० दिवस संपल्यानंतरच्या सोमवारी सकाळी १० पर्यंत उत्तर द्यायचं असतं. तुमच्यावर समन्स आलं असेल तर ही वेळ चुकवू नका, नाहीतर तुमच्या गैरहजेरीत निकाल लागू शकतो.

१३. अर्ज टाकला. आता तारीख कधी मिळेल?

अर्जाच्या तारखेपासून ६० दिवस थांबणं सक्तीचं आहे. घरगुती हिंसाचाराच्या काही प्रकरणांत सूट मिळते. पण ६० दिवस झाले म्हणजे आपोआप घटस्फोट होत नाही. ग्रामीण काउंटीत न्यायाधीश ठरलेल्या दिवशीच येतात, त्यामुळे ‘बिनविरोध प्रकरणं कुठल्या दिवशी घेता’ हे कोर्टाच्या कोऑर्डिनेटरला अर्जानंतर लगेच विचारून तारीख मागून घ्या. न्यायाधीशांनी परवानगी दिली तर झूमवर हजेरी चालते. निकालानंतर ३० दिवस दुसऱ्या कोणाशी लग्न करता येत नाही.

१४. मुलांच्या ताब्याचा आदेश बदलायचा आहे, पण आम्ही आता दुसऱ्या काउंटीत आहोत.

आदेश देणाऱ्या कोर्टाचाच अधिकार पुढे चालू राहतो. प्रेसिडिओत आदेश झाला असेल तर बदलाचा अर्जही प्रेसिडिओतच, भले तुम्ही आता प्लेनोत असा. मूल नव्या काउंटीत ६ महिने किंवा जास्त राहिलं असेल तर केस तिकडे वर्ग करून मागता येते. वर्ग झालेल्या केसचे कागद शोधताना दोन्ही काउंट्यांच्या क्लार्कना विचारा.

मूल भारतात आजी-आजोबांकडे राहत असेल तर गुंता वाढतो. ताब्याच्या अधिकारासाठी टेक्सासचा कायदा परदेशालाही एखाद्या राज्यासारखंच धरतो. पहिल्यांदाच आदेश मागत असाल आणि मूल ६ महिन्यांहून जास्त तिकडे राहिलेलं असेल, तर टेक्सासच्या कोर्टाला तो विषय ऐकता येईल का इथूनच वाद सुरू होतो. इथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

१५. पोटगी भरल्याच्या पावत्याही क्लार्ककडे मिळतात का?

आदेश क्लार्ककडे, हिशेब राज्याकडे. मुलांची पोटगी सॅन अँटोनिओतल्या स्टेट डिस्बर्समेंट युनिटमार्फत जाते आणि भरण्याचा तपशील अ‍ॅटर्नी जनरलच्या चाइल्ड सपोर्ट विभागाकडे मिळतो.

१६. मला मारहाण झाली आहे. अर्ज केला तर त्याला माझा पत्ता कळेल का?

संरक्षण आदेश म्हणजे प्रोटेक्टिव्ह ऑर्डर मागायला पीडितेला शुल्क नाही, आणि काउंटी किंवा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीचं कार्यालय तुमच्या वतीने अर्ज करू शकतं. पत्ता, नोकरीची जागा, मुलांची शाळा गुप्त ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करा. आधी दाखल झालेल्या कागदात पत्ता उघडा असेल तर तेही सांगा. गाव छोटं आहे, सगळे ओळखतात म्हणून गप्प बसू नका. धोका आत्ता असेल तर आधी ९११.

१७. टेक्सासची डिक्री भारतात चालेल का?

कागद म्हणून मान्य व्हायला सर्टिफाइड प्रतीवर अपॉस्टिल घ्या. ते ऑस्टिनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून मिळतं, शुल्क कागदामागे १५ डॉलर. भारत जुलै २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे.

पण अपॉस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतं. निकाल भारतात बंधनकारक आहे का, ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ वर ठरतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव खटल्यात मिसुरीची डिक्री अमान्य केली. हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, आणि पत्नीने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नसताना मिळवलेला घटस्फोट भारतात टिकणार नाही, असं त्यात म्हटलं. प्रत नीट प्रमाणित नसल्याचा मुद्दाही त्याच खटल्यात निघाला होता. टेक्सासमध्ये बहुतेक घटस्फोट ‘एकत्र राहणं असह्य’ या दोषविरहित कारणावर होतात, म्हणून लग्न भारतात झालं असेल तर हा धोका खरा आहे. दोघांनीही हजर राहून किंवा वकिलामार्फत संमती नोंदवली असेल तर बाजू बरीच भक्कम होते. त्यामुळे डिक्रीसोबत समोरच्याचं उत्तर किंवा वेव्हर आणि बजावणीचा अहवाल यांच्याही सर्टिफाइड प्रती घ्या. भारतातला वकील पहिल्यांदा तेच मागतो.

१८. माहेरचं नाव परत घेतलं. प्रत्येक ठिकाणी पूर्ण डिक्री दाखवावी लागेल का?

नाही. डिक्रीत नावबदल मंजूर असेल तर क्लार्क १० डॉलरमध्ये नावबदलाचं स्वतंत्र प्रमाणपत्र देतात. एका पानात काम होतं आणि घरातल्या गोष्टी काउंटरवर उघड्या पडत नाहीत.

१९. डिक्रीत आडनावाचं स्पेलिंग चुकलं आहे. आता काय?

निकालाला ३० दिवस व्हायचे असतील तर कोर्टाला दुरुस्ती करणं सोपं असतं, लगेच अर्ज द्या. मुदत उलटली असेल तरी नुसती लिहिण्यातली चूक नियम ३१६ खाली कधीही सुधारता येते. त्याला ‘नंक प्रो टंक’ आदेश म्हणतात. पासपोर्टची प्रत जोडून त्याच कोर्टात, त्याच कॉज नंबरखाली अर्ज करायचा. पोटगीची रक्कम किंवा भेटीचे दिवस ‘चुकले’ असं म्हणत या वाटेने बदलता येत नाहीत, त्यासाठी प्रश्न १४. सुधारित आदेश मिळाला की त्याची नवी सर्टिफाइड प्रत घ्या. भारतात वापरायची असेल तर तिचं अपॉस्टिलही नव्याने करावं लागेल.